हल्लीचं कापड वाढतंय

३ जानेवारी
हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट आला. विरळ झालीत म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळी गेली की हाडं भराभर झिजतात, खाण्याकडे बघा. दूध, दही, अंडी, पालेभाज्या. मीठ कमी, कॉफी कमी. सहा महिन्यांनी या. मोठी ताई बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, वर्षभर अंथरुणात आहे. मला तसं पडून राहायचं नाही. शिलाईचं दुकान एकटीने चालवलंय, पथ्य म्हणजे काय चीज आहे. उद्यापासून सुरू.

६ जानेवारी
दुकानात गर्दी होती. आजपासून सुरू. दूध घेतलं, कॉफीतून. दूध ते दूधच.

२२ जानेवारी
रोज अंडं उकडते. मशीनवरून उठेपर्यंत नवरा खाऊन टाकतो. घरात अंडी येतायत, हे महत्त्वाचं.

११ फेब्रुवारी
चीजमध्ये कॅल्शियम असतं. चीजचे वेफर्स आणले. मीठ बोटांनी झटकून खाल्ले. पालेभाजी फ्रिजमध्ये आहे. पिवळी पडलीय, पण आहे.

२ मार्च
दुकानाच्या काचेआड उन्हात बसते. एक गिऱ्हाईक, शाळेत शिकवते, म्हणाली की काचेतून आलेल्या उन्हाचा हाडांना उपयोग नाही. चुका काढायची सवयच असते या लोकांना.

१९ मार्च
माझी निळी पँट टाचेखाली येतेय. कापड सैल पडलंय. दुमडून टीप मारली.

८ एप्रिल
काळी पँटही. राखाडीसुद्धा. घाऊक व्यापाऱ्याला फोन करून झापलं, तुमचं कापड वाढतंय म्हणून. म्हणाला, बाई, अशी तक्रार आजवर कुणाची आली नाही. म्हटलं, कुणी मोजत नसेल.

३० एप्रिल
पाठ दुखते. मशीनवर वाकून वाकून. धंद्याचं दुखणं, त्याचा बाऊ कशाला.

१४ मे
वरच्या फळीवरचा अस्तराचा गठ्ठा हाताला येईना. सुताराला फळी खाली घ्यायला लावली. तो कुरकुरला, तुम्हीच दाखवलेल्या उंचीवर ठोकली होती. त्याच्याशी कोण वाद घालणार.

९ जून
नवरा म्हणाला, तू बुटकी झाल्यासारखी वाटतेस. म्हटलं, तुम्हीच वाढला असाल, अंडी खाता ना.

४ जुलै
दवाखाना. नर्सने उंची मोजली आणि जुना कागद बघून परत मोजली. मी पर्समधला माझा टेप काढून दिला, म्हटलं, याने मोजा. तेच आलं. दीड इंच गेला. फोटोत पाठीचे दोन मणके दबलेले दिसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आधी काहीच जाणवलं नाही का, कपडे लांब होतायत वगैरे? म्हटलं, नाही बुवा.

कापड धुतल्यावर आटतं, वाढत कधीच नाही, हे जन्मभर गिऱ्हाइकांना मीच ऐकवत आले. इंजेक्शनं लिहून दिलीत. बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसले. उठायची भीती वाटली. पडले तर?

घरी येऊन व्यापाऱ्याला फोन केला. म्हटलं, तुमचं कापड चांगलं आहे. त्याने विचारलं, मग गडबड कुठे होती?

म्हटलं, मी आटलेय.