तंबूला केलेला रफू

तीर्थस्वरूप दादांना साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर आता पुष्कळ बरी असेल अशी आशा आहे. वहिनींनी चष्मा बदलला का, तेही कळवा. इकडे मी अगदी खुशाल आहे. (खुशाल म्हणजे दोन्ही वेळा जेवतो, फक्त दोन्ही वेळा ब्रेडच असतो.) फोन सोडून हा माणूस पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल; पण तुमच्याकडे फोन कोण उचलेल याचा सध्या भरवसा नाही. तुम्ही जन्मभर हेडमास्तरकी केलीत, तेव्हा चुका दिसतीलच. फक्त लाल शाई काढू नका, आधीच माणूस खचलेला आहे.

तुमची बहीण रविवारपासून तुमच्याकडे आहे. ती का आली हे तिनं सांगितलं नसणार. रागावली की ती बोलत नाही, डबे घासते. तुमच्याकडचे सगळे डबे एव्हाना चकचकीत झाले असतील. तर येत्या शनिवारी आम्ही दोघं तळ्याकाठी तंबूत राहायला जाणार होतो. पडद्यांचं दुकान टाकल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलो नाही. कधी कुणाच्या नव्या घराचे पडदे, कधी कुठल्या हॉटेलाच्या झालरी, माझं आपलं चालूच. या वेळी तिनं तळ्याचं नाव काढलं आणि मी चक्क हो म्हणालो. तिची अट एकच होती, की थंडी वाजता कामा नये. (तुम्हाला ठाऊक आहे, ही बाई भर उन्हाळ्यात मोजे घालून झोपते.) म्हणून आत शेगडी पेटवता येईल असा तंबू घ्यायचा ठरला. आता ती शनिवारी येते की नाही, एवढाच प्रश्न आहे. नाही आली तर मी एकटा जाईन. मला काहीही फरक पडत नाही, हे इथेच स्पष्ट लिहून ठेवतो.

तंबू निवडायला आम्ही दोघं गेलो. कापडात माझी हयात गेली, तेव्हा निवड मीच करणार हे मी दुकानाच्या पायरीवरच जाहीर केलं. तिथे नाना तऱ्हेचे तंबू उभे होते. काही उपड्या घातलेल्या घमेल्यांसारखे, ते मी पाहताक्षणी बाद केले. मग दिसला तो उंच, निमुळता तंबू. मधे एकच खांब, आणि त्यावरून कापड असं सुरेख घेरदार उतरलेलं, की मला वाटलं हे मीच बेतलं असतं. विक्रेता म्हणाला, यात सहा माणसं झोपतात. (झोपत असतील. खांबाला विळखा घालून, आणि एकमेकांशी भांडण नसेल तर.) तो हिला शेगडीचं काहीतरी समजावत होता, ही मान डोलावत होती. मी त्या वेळी आत शिरून शिवण तपासत होतो. दुहेरी टाके, दुमड सरळ, सगळं पाहून झालं आणि बाहेर पडायची चेन सापडेना. हाक मारायची लाज वाटली. शेवटी कापडाच्या कडेखालून सरपटत निघालो तो थेट एका अनोळखी कुटुंबाच्या पायाशी. त्यांनी मला ओलांडून जाण्याचं सौजन्य दाखवलं. हिनं तेवढ्यात तोच तंबू शेगडीसकट बांधून घेतला होता.

आपल्या दुकानात आणून तो मी कापायच्या टेबलावर पसरला, आणि दादा, काय पाहतो! वरच्या बाजूला एवढ्या देखण्या कापडावर कुणीतरी खरखरीत, राखाडी ठिगळ मारलं होतं, आणि ठिगळाच्या मधोमध चांगलं मुठीएवढं भोक! आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला असा पडदा दिला तर तो पुन्हा तोंड दाखवत नाही. मला वाटलं, फसवणूक झाली, पण हिला सांगून तिचा हिरमोड कशाला? मी ठिगळ काढलं, आतल्या बाजूचं जास्तीचं कापड घेतलं, रंग जुळवून दोरा निवडला आणि तिथे असा रफू केला, की माझा मलाच नंतर दिसेना. चार गिऱ्हाइकांना बोलावून म्हटलं, भोक कुठे होतं दाखवा. एकालाही दाखवता आलं नाही. मी घरी शीळ घालत आलो.

रविवारी सकाळी गच्चीवर तंबू उभा केला. हिनं हौसेनं शेगडी मांडली, तिचे घडीचे पाय उघडले, धुराच्या नळीचे तुकडे एकात एक बसवले आणि नळी वर नेली. मग ती नळी धरून खांबाभोवती फिरू लागली. मी विचारलं, काय शोधतेस? ती म्हणाली, "अहो, नळी बाहेर काढायचं भोक होतं ना इथे?" मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, की ते मी बुजवलं. तिनं नळी खाली ठेवली आणि म्हणाली, "भोक दिसलं की शिवायलाच हवं का हो?"

अशा वेळी माणसानं चूक कबूल करून खाली चहाला जावं. मी म्हणालो, धूर काय, दारातूनही जाईल, त्यात काय एवढं. आणि शेगडी पेटवली. दादा, धुरानं माझं ऐकलं नाही. आम्ही खोकत बाहेर पडलो, तोवर खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आगीचा बंब बोलावला होता. पाण्याचे पाइप खांद्यावर टाकून चार धिप्पाड माणसं गच्चीवर आली आणि एका हातभर शेगडीभोवती गोल करून उभी राहिली. त्यांच्या साहेबांनी दोन-चार प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, ते गेले. त्यानंतर हिनं कारण नसताना बॅग भरली. गोष्ट खरोखर क्षुल्लक होती. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तेवढं चालायचंच, हे तुम्ही थोरला भाऊ म्हणून तिला समजावून सांगाल, असा विश्वास वाटतो.

वहिनींना नमस्कार. प्रकृतीस जपा, वजन उचलू नका.

तुमचा,
पडदेवाला

ता. क. : हे पत्र स्वयंपाकघरात, जरा मोठ्यानं वाचावं. 'मला काहीही फरक पडत नाही' हे वाक्य गाळावं. ब्रेडचं मात्र दोनदा वाचलं तरी चालेल.

ता. क. दुसरा : 'गोष्ट क्षुल्लक होती' हेही गाळा, दादा. साहेबांनी विचारलं होतं, शेगडी कुणी पेटवली? मी हिच्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर आणि त्या चार माणसांच्या देखत. साहेब तिला पंधरा मिनिटं बोलले, आणि ती एका शब्दानं म्हणाली नाही, की मी नव्हे, यांनी. मी शेजारी उभा राहून तंबूची घडी घालत होतो. काल बंबाच्या कचेरीत जाऊन साहेबांना खरं सांगून आलो. डॉक्टरांनाही सांगितलं. त्यांनी फुकटात माझे दात तपासले आणि दोन किडलेत म्हणाले. हे सगळं वाचताना थांबू नका, नाहीतर ती उठून डबे घासायला लागेल.

ता. क. शेवटचा : रफू उसवला. ते राखाडी ठिगळ अग्निरोधक कापडाचं असतं म्हणे, आगीत जळत नाही. विक्रेत्याकडून त्याचा दोरा आणून ते जागच्या जागी बसवलं. नळी आता सरळ वर जाते. तळं राहू दे. तुमच्या घरामागे मोकळी जागा आहे, ती शनिवारपुरती मला द्याल का? तंबूचं दार स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येईल असं बघतो. तिनं आत यायलाच हवं असं नाही. शेगडी मी पेटवीन, आणि कुणी विचारलंच, तर मी पेटवली म्हणून सांगेन.