टिंग वाजलं, तस्मात् ठीक

खंडेराव गेट, झाशी

प्रिय प्रेमला,

एका गंभीर अपहाराची नोंद घ्यावी. पुण्याला जाताना तू चहाचं गाळणं घेऊन गेलीस. लेकीच्या घरी गाळणं नसतं असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. चार महिने मी चोथ्यासकट चहा पितोय. आभाच्या बाळंतपणासाठी दोन महिन्यांची रजा मंजूर झाली होती. पुढचे दोन कोणाच्या सहीने, तेही कळव.

नातवाबद्दल तक्रार नाही. त्याने आजी बळकावणं मी समजू शकतो. पण हे गोविंदराव! आभाचे सासरे म्हणून उत्तम. पण तुझ्या प्रत्येक फोनात ते कशाला? 'गोविंदराव कोथिंबिरीच्या जुडीचे पैसेसुद्धा मोबाइलवरून देतात हो!' बरं. मी तीस वर्षं फाटकी नोट नुसत्या स्पर्शाने ओळखतो, त्याचं कौतुक तू कोणाजवळ केलंस?

आभा म्हणते, बाबांच्या हट्टापायी गिऱ्हाइकं चाललीत. खरं आहे. दुकानातल्या स्कॅनरवर मी पंचांग टांगलंय. समोरच्या बताशेवाल्याने काल विचारलंच, "काए पंडितजी, स्कैनर पे पंचांग काए टाँग दओ?" म्हटलं, "भैया, ग्रह ठीक नहीं हैं।" लोक दहाच्या कापरासाठी पाचशेची नोट काढतात, सुटे नाहीत म्हटलं की बडा बाजारच्या दुसऱ्या टोकाला जातात. जानवी, उदबत्त्या जागच्या जागी. तुम्हाला वाटतं, म्हातारा यंत्राला बुजतो. पंचावन्नाव्या वर्षी म्हातारा म्हणवून घेईन, पण मी बुजत नाही.

माझा फोन बटणांचा, म्हणून स्कॅनर तुझ्या खात्याला नि तुझ्या फोनला जोडला, आठवतं? गल्ल्याशेजारी बसून टिंग वाजलं की तू मान डोलवायचीस, मग मी पुडी द्यायचो. तू गेल्यापासून टिंग पुण्यात वाजायचं, नि मी गिऱ्हाइकाचा चेहरा बघून पुडी द्यायचो. वर तू म्हणालीस, 'दिवसभर टिंग वाजतं, म्हणजे तुमचं ठीक चाललंय. रोज फोन कशाला?' पाठशाळेत हेच घोकलं होतं: धूर दिसतो, तस्मात् डोंगरावर अग्नी आहे. टिंग वाजतं, तस्मात् नवरा ठीक आहे. खरं सांगू, त्या टिंगचाही हेवा वाटू लागला. ते दिवसातून चाळीसदा तुझ्याशी बोलायचं.

गेल्या मंगळवारी मात्र हे अनुमान चुकलं. गल्ल्यापाशी उभा असताना डोळ्यांपुढे अंधार आला नि मी खाली बसलो. म्हणजे पडलो. बताशेवाल्याने धावत येऊन मला बाकावर निजवलं, तोंडावर पाणी मारलं. गिऱ्हाइकं भली, 'पंडितजी को लेटे रहने दो' म्हणत आपापली पुडी उचलून त्यांनी स्कॅनरवर पैसे भरले. पडल्यापडल्या मी मोजलं. तीन जण. तिन्ही वेळा पुण्यात तुला कळलं असणार, की मी ठीक आहे.

दुसऱ्या दिवशी पंचांग टांगलं. आणखी दोन दिवसांनी तुझा फोन आला, 'स्कॅनर बिघडलाय का?' मी म्हटलं, नाही, मीच बंद केलाय. मागून गोविंदरावांचं हसणं ऐकू येत होतं, त्यात हे सांगवेना, म्हणून लिहितोय. डॉक्टरकडे अजून गेलेलो नाही. एकट्याने जायची भीती वाटते. गाळणं आभाला राहू दे. तू ये.

तुझाच,
दत्तात्रेय