मांडवीला बोलावणे आले नाही

आई, आज चैत्र शुद्ध दशमी, शनिवार, दुपारचे सव्वाचार वाजले आहेत. उद्या नाशकात रामाचा रथ, म्हणून छापखाना लवकर बंद झाला. मी खोलीवर येऊन टाकाचे टोक पुसत बसलो होतो, तेवढ्यात खालच्या बिऱ्हाडातून चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा गलबला वर आला. तुला जाऊन अकरा वर्षे झाली, हे मी बोटांवर दोनदा मोजले.

तुझी आरास आठवली. गौर झोपाळ्यावर, पुढे पंचवटी मांडलेली: राम, सीता, लक्ष्मण आणि हळदीने रंगवलेले कापसाचे हरिण. या सगळ्यांपासून हातभर दूर, उपड्या घातलेल्या पितळी डब्यावर, हिरव्या खणाच्या तुकड्यात गुंडाळलेली एक बाहुली. तिच्या समोर, पार दुसऱ्या टोकाला, एक निरांजन. शेजारच्या काकू डाळीचा द्रोण हातात घेऊन वाकून पाहतात.

"अगं, ही कोण? शूर्पणखा की काय? नाक तर शाबूत दिसतंय."

सगळ्या हसतात. तूही हसतेस, आणि पन्हे ढवळता ढवळता सांगतेस की ही मांडवी, भरताची राणी. काकू सोडत नाहीत. भरत तर वनात गेलाच नाही, मग हिला असे वेगळे बसवायचे कारण काय, म्हणून विचारतात.

"तेच तर," तू म्हणतेस. "रामाच्या पादुका पुढे ठेवून तो चौदा वर्षं नंदिग्रामात बसला. हिला गच्चीवरून त्याचा दिवा दिसायचा, काकू. तेवढंच."

मग कोणी हसले नाही. वडील मला कळायला लागण्याआधीच घर सोडून नदीपलीकडच्या मठात गुरूंच्या पादुकांच्या सेवेला बसले होते, आणि त्या मठाचा दिवा आपल्या माडीवरून दिसे, हे आळीत सर्वांना ठाऊक होते. तू सवाष्ण होतीस. बायका तुझ्याकडून कुंकू लावून घेत, पण तुझ्या डोळ्यांकडे बघत नसत.

त्या गेल्यावर द्रोण गोळा करताना मी विचारले, मांडवी आपली आपणच का नाही गेली, वाट तर थोडीच होती. तू एकदम रागावलीस. इतकी रागावलेली मी तुला पुन्हा कधी पाहिली नाही.

"न बोलावता जायचं नसतं. बोलावणं त्यानं धाडायचं असतं," म्हणालीस, आणि रिकामे द्रोण उगाच एकात एक बसवत राहिलीस.

मोठेपणी आपण वडिलांसारखे वागायचे नाही, हे मी त्याच दिवशी ठरवले. आता माझे लग्न होऊन दीड वर्ष झाले. ती मनमाडला माहेरी आहे. खोलीला चुना लागला की बोलावतो, असे मी कळवले. मग फडताळाचे कारण लिहिले, मग पाण्याच्या वेळांचे. प्रत्येक पत्र तीनदा तपासून टाकले, एक काना चुकू दिला नाही. काल तिचे कार्ड आले. क्षेमकुशल, आणि तळाशी एकच ओळ: मनमाडहून गाडी नाशकास दोन तासांत पोहोचते, असे दादा सांगत होता. येऊ का, असे तिने विचारलेले नाही. तीही तुझीच रीत पाळते आहे.

वडिलांना तुझा कंटाळा आला असेल, असे मी आजवर धरून चाललो. या खोलीत राहून वेगळे वाटू लागले आहे. एकट्या माणसाचे दिवस फार नीटनेटके होतात. तांब्या ठेवला तिथेच सापडतो. दुसरे कोणी आले तर त्याला आपण कसे दिसू, याची धास्ती महिन्यामहिन्याने वाढत जाते, आणि त्या धास्तीला सेवा म्हणा, चुना म्हणा, कोणतेही बरे नाव देता येते. मांडवीला मात्र माडीवरून नुसता दिवा दिसतो.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मला कळते. कागद खरे तर तिला लिहायला काढला होता. आई, खोलीला चुना माघातच लागला. तिला मी अजून सांगितलेले नाही.