हलका हात

दि. १४ मार्च

प्रिय धाकट्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर केला म्हणून रागावला असशील, तर खुशाल रागाव. माझी कंबर बरी आहे. घराला बाहेरून रंग दिला. आमच्या वृक्ष विभागाच्या ऑफिसात नवीन साहेब आलेत, त्यांना झाड आणि विजेचा खांब यांतला फरक सावलीवरूनच कळतो. बाकी सगळं ठीक म्हणायचं.

तू विचारलंस, अप्पा फोनवर का येत नाहीत. ते फोन हातात धरत नाहीत, म्हणून येत नाहीत. ते पुढे सांगते.

आधी झाडांचं. शाळेच्या रस्त्यावरची एकोणीस झाडं गेली. पोस्टापासून शाळेच्या फाटकापर्यंत नुसते बुंधे उरलेत आणि भरदुपारी ऊन सरळ डांबरावर पडतं. अप्पांनी चाळीस वर्षं छाटून वाढवलेली झाडं. तूही पहिली फांदी तिथेच कापलीस, त्यांच्या खांद्यावर उभा राहून. मी खाली दोर धरून होते. दोर धरायला नेहमी मीच असायचे.

रोग बुरशीचा. आधी एखाद्या फांदीची पानं पिवळी पडतात, मग सगळं झाड आतून वाळतं. औषध नाही. रोगट झाड तोडायचं आणि बाकीची जपायची, एवढंच हाती असतं. ही बुरशी करवतीच्या पात्याला चिकटून एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. म्हणून नियम असा, की एक झाड कापलं की पातं स्पिरिटमध्ये बुडवायचं आणि मगच दुसऱ्याला लावायचं. अप्पांच्या काळात हा रोग नव्हता, त्यामुळे नियमही नव्हता.

पंच्याहत्तरीला तू त्यांना घडीची करवत पाठवलीस. मी म्हटलं होतं, स्वेटर पाठव. तू म्हणालास, "ताई, माणसाला त्याच्या हाताला शोभेल ते द्यावं." शोभली खरी. निवृत्त झाल्यापासून त्यांचे हात शिवशिवतच होते. रोज सकाळी साडेसहाला करवत खिशात घालून ते फिरायला निघायचे. हाताला येईल ती पिवळी फांदी कापायचे, पुढच्या झाडापाशी जायचे, तिथली कापायचे. त्यांना वाटायचं, आपण रोग काढून टाकतोय.

छाटायला बंदी असल्याची पाटी मीच प्रत्येक बुंध्याला लावली होती. त्यांनी ती वाचली होती. नंतर मला म्हणाले, "ते लोकांसाठी आहे असं वाटलं गं. मी काय लोक आहे?"

झाडं तुटायला लागल्यावर गावात बोंबाबोंब झाली. मी सभागृहात बैठक घेतली आणि अप्पांना मुद्दाम बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. मी भिंतीवर नकाशा लावला आणि कुठल्या दिवशी कुठलं झाड छाटलं गेलं, ते ओळीने वाचून दाखवलं. वेळ सकाळी साडेसहा ते सात. नाव घेतलं नाही. सातव्या झाडाला अप्पा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ही तर माझी वाट आहे."

मी उरलेली बारा झाडंही वाचून दाखवली.

त्या दिवसापासून ते हात धुतात. स्पिरिटची बाटली घेऊन मोरीत बसतात. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, त्यांतून रक्त येतं, तरी थांबत नाहीत. मांजर मांडीवर येऊन बसलं तर हात वर धरून बसतात, त्याला शिवत नाहीत. जेवण मी भरवते. फोन कानाशी धरते म्हटलं तर मान फिरवतात. परवा म्हणाले, "धाकट्याला करवतीचं कळू देऊ नकोस. त्याला लागेल." म्हणून तुला कळवते आहे.

आता खरं लिहिते. आत्तापर्यंत लिहिलं ते तुला लागावं म्हणून लिहिलं.

धाकट्या, त्या तारखा माझ्याकडे कुठून आल्या, हे त्या सभेत एकानेही विचारलं नाही.

तिसऱ्याच झाडाला मला कळलं होतं. पिवळी फांदी बघायला गेले, तर ती आधीच कापलेली. काप कसा, डब्याला झाकण बसवावं तसा. असा काप या गावात एकाच माणसाचा. माझ्या पिशवीत स्पिरिटची बाटली होती, फडकं होतं. अप्पा वीस पावलांवर पोस्टाच्या कोपऱ्यावर उभे होते. ती बाटली त्यांच्या खिशात घातली असती, तर काम तिथेच संपलं असतं.

ते पोस्टमास्तरांना सांगत होते, "ही काय, नुसती कागदं रंगवते. हात जड हिचा. कापावं ते धाकट्याने. झाडाला कळतसुद्धा नाही."

बावीस वर्षं मी त्या झाडांवर चढले. तू गेलास त्या वर्षापासून. तीन वेळा पडले.

मी बाटली पिशवीतच ठेवली आणि घरी येऊन नकाशा काढला. पुढचे पाच आठवडे रोज सकाळी मी गच्चीतून बघत होते. ते एकेक फांदी कापायचे, मागे सरून बघायचे, खूश व्हायचे. मी नकाशावर खूण करायचे. मला ती वाट पूर्ण हवी होती, गावासमोर. तीन झाडं अप्पांची, धाकट्या. सोळा माझी.

मला वाटलं होतं, आपण जिंकलो असं वाटेल. सभेनंतर एक रात्र वाटलंही.

ते रोज विचारतात, "मला कोणी आधी सांगितलं असतं, तर वाचली असती का गं?" मी म्हणते, "असती." पुढचं वाक्य तोंडून निघत नाही. ते निघालं तर कदाचित हात धुणं थांबेल. पण मग मी घास पुढे केला, तर ते तोंड उघडणार नाहीत. माझ्या हातून जेवतात तेवढंच माझ्याकडे उरलंय.

करवत सोबतच्या पार्सलात आहे. स्पिरिटमध्ये बुडवून, पुसून पाठवली आहे.

हे पत्र घेऊन ये आणि त्यांना तूच सांग. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. मी सांगितलं तर त्यांना लागेल. तुझा हात हलका आहे, कळणारसुद्धा नाही.

दोर धरून खाली उभी,
तुझी ताई