मासिनाची चटई

३ फेब्रुवारी
पोहोचलो एकदाचा! बोटीतून सवाई बेटावर उतरलो तेव्हा मन उड्या मारत होतं. ओहायोत एकतीस वर्षं गणित शिकवलं, बर्फ उपसला, घटस्फोट घेतला. आता दोन वर्षं सामोआतल्या या खेड्यात गणितच शिकवायचं, पण अनवाणी! धक्क्यावर तौसाला नावाची बाई मला घ्यायला आली होती. हिच्याच आवारात माझं बिऱ्हाड. बाई साठीची, धिप्पाड, हसली की अख्खी गाडी हलते. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, एवढासाच पालागी पाठवला होय? याला आधी खाऊ घालायला हवं, मग फळ्यापाशी उभं करायला हवं. पालागी म्हणजे गोरा परदेशी. ग्लेन हे माझं नाव तिने ऐकलं आणि बाजूला ठेवून दिलं.

७ फेब्रुवारी
तौसालाच्या घराला नुसते खांब, भिंती नाहीत. मला मात्र भिंतींची खोली आणि व्हरांडा दिलाय, कारण पालागीला झोपताना लाज वाटते असं ती गावभर सांगते. तिची धाकटी बहीण मासिना दिवसभर खांबाला टेकून चटई विणत बसते. केवड्याच्या पाती समुद्रात भिजवायच्या, वाळवायच्या आणि अंगठ्याच्या लांब नखाने दोऱ्याइतक्या बारीक चिरायच्या. कर्र, कर्र. दोन वर्षं झाली म्हणे, चटई अजून ताटाएवढी! पूर्ण कधी होणार विचारलं. ती वर न बघताच म्हणाली, कुणाला लागेल तेव्हा होईल. मला बाई आवडली. न बोलणाऱ्या माणसांशी माझं चांगलं जमतं.

१६ फेब्रुवारी
जुना ट्रक घेतला. इथे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि माझा हात सारखा उजवीकडे वळतो. आज दोनदा चुकलो, दोनदा तौसालाचा दणका खांद्यावर बसला. ओरडली, ही तुझी अमेरिका नव्हे रे बाबा, इकडे ये, जिवंत माणसांच्या बाजूला! मागे बसलेली मासिनासुद्धा हसली. दुसरा धडा असा की, संध्याकाळी शंख वाजला की सगळं गाव प्रार्थनेला आत बसतं. पुन्हा शंख वाजेपर्यंत गाडी वेशीबाहेर थांबवायची. रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

२६ फेब्रुवारी
बंदरावरून सामान घेऊन परतायला उशीर झाला. शंख वाजून गेला होता. थांबायला हवं होतं, पण आइस्क्रीम वितळत होतं आणि बघणारं होतं कोण! नीरफणसाच्या वळणावर काहीतरी धडकलं. डुक्कर असावं, इथे डुकरं मोकाट असतात. बंपरला थोडा पोचा आलाय. घरी आल्यावर धुऊन टाकला.

२७ फेब्रुवारी
मासिना गेली.
बसवाल्या पेलेनाटोच्या गाडीखाली आली म्हणतात. दुसऱ्या शंखानंतर तो चर्चची गाणारी मंडळी घेऊन येत होता. वळणावर चाक कशावरून तरी गेलं, उतरून पाहिलं तर ती. लहान पोरासारखा रडत त्याने स्वतःच पोलिसांना बोलावलं. मला कुणी काहीच विचारलं नाही.
ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. ते डुक्कर नव्हतं. वळणावर मी उजवीकडे होतो. आरशात केवड्याच्या पाती रस्ताभर पसरलेल्या दिसल्या. ती समुद्रावरून पाती घेऊन धावत येत असणार, तिलाही उशीर झाला होता. मी थांबलो नाही. पेलेनाटोचं चाक नंतर गेलं.
सांगेन. सोमवारी नक्की सांगेन.

२ मार्च
सोमवार गेला. आज पहाटे जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. जामिनावर सुटलेला पेलेनाटो धरून त्याच्या घरची चौदा माणसं तौसालाच्या अंगणात मान खाली घालून बसली होती, डोक्यावर भारी चटया ओढून. पुढ्यात सरपण आणि चुलीत तापवायचे दगड. आम्ही तुमच्या हातात आहोत, हवं तर भाजून खा, असा त्याचा अर्थ. याला इफोगा म्हणतात. ज्यांचं माणूस गेलं त्यांनी चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं, मग पुढे काहीही होवो. सूर्य वर आला, ऊन तापलं. शेवटी तौसाला उठली आणि पेलेनाटोच्या डोक्यावरची चटई उचलून तिने त्याला पोटाशी धरलं. सगळे रडले. मी खिडकीतून फोटो काढले.
दुपारी मासिनाला घरासमोरच पुरलं, माझ्या व्हरांड्यापासून वीस पावलांवर. अर्धी चटई तौसालाने तिच्या छातीवर ठेवली. म्हणाली, राहू दे, हिला रिकामं बसायची सवय नाही.

९ मार्च
सकाळी व्हरांड्यात चटई पडलेली दिसली. तीच वीण, ओली, समुद्राच्या पाण्याचा वास. पण ताटाएवढी नाही. उशीएवढी.
कुणीतरी चेष्टा करतंय. तौसालाला दाखवायला घेऊन निघालो, अंगणात पोहोचेपर्यंत हातात काहीच नव्हतं, नुसतं ओलं. ती म्हणाली, तुझं तोंड असं पांढरंफटक का रे, आधीच काय कमी गोरा होतास?

१४ मार्च
पुन्हा आली. आता टेबलाएवढी. किनाऱ्यावर नेऊन, दगड बांधून बुडवली. शाळेत पोरांपुढे अपूर्णांक मांडताना फळ्यावर खडूऐवजी नखाचा आवाज ऐकू येत होता. कर्र, कर्र. पोरांना येत नव्हता.

१५ मार्च
व्हरांड्यात आहे. तोच दगड शेजारी. सुतळी नीट सोडून, गुंडाळून ठेवलेली.

१८ मार्च
पेलेनाटो आला होता. परवा त्याचा खटला. त्याने सगळं कबूल केलंय, माफी मिळाली असली तरी कायद्याचं कायदा बघणार. विनंती केली की, तो आत असताना त्याच्या मुलीचं गणित मी बघावं, तेवढं एक कच्चं आहे. जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. सर, तुम्ही आलात हे आमचं नशीब, म्हणाला.
सांगायला तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. आणि मी म्हणालो, काळजी करू नका.
तो वळला तेव्हा त्याच्या पाठीमागे थडग्यावर ती बसलेली होती. वर न बघता विणत होती.

२० मार्च
चार वर्षं. पेलेनाटोला चार वर्षं.
पोरीने आज गणिताची वही आणली नाही.

२१ मार्च
चटई माणसाएवढी झाली. कडेला लाल पिसं लावायला घेतली आहेत, ती अगदी शेवटी लावतात. म्हणजे आता पूर्ण—
शेजारी सरपण.

२२ मार्च
सरपण. दगड. सगळं मांडून ठेवलंय, मी काही शोधायला नको म्हणून.
बोटीचं तिकीट काढायला निघालो. ट्रक नीरफणसाच्या वळणावर बंद पडला. उजव्या बाजूला. मी तर डावीकडे चालवत होतो, शपथ घेऊन सांगतो, डावीकडेच—
पळत परत आलो. दिवसाढवळ्या. लोक हसले.

२३ मार्च, पहाट
चटई घेऊन तौसालाच्या अंगणात बसलोय. डोक्यावरून ओढून घेतली. जड आहे, ओली आहे. पश्चात्तापाने आलोय असं लिहिलं असतं, पण खोटं कशाला, भीतीने आलोय. वही बरोबर घेतली, जीभ अडली तर हीच पुढे करीन.

उजाडलं. विणीतून थोडा उजेड येतो. सांगून टाकलं. ओरडून सांगितलं, मी मारलं, पेलेनाटोने नाही, त्याला सोडा. घरची सगळी बाहेर आली.
तौसालाची पावलं दिसताहेत. तिने चटईची कड चाचपून पाहिली. म्हणाली, ही मासिनाची वीण. आम्ही पेलेनाटोला माफ केलं तरी हिचं नख थांबलं नाही, रोज ऐकत होते मी. तेव्हाच कळलं की चुकीचा माणूस बसला होता. तुझं पांढरंफटक तोंडही पाहिलं होतं. वाट बघत होते, तू कधी येतोस.
म्हटलं, आलोय ना, उचला. हात जोडतो, उचला.
ती म्हणाली, पेलेनाटोला मी उद्याच आणते, त्याची काळजी करू नकोस. पण ही चटई माझी नाही रे बाबा. जिने विणली ती उचलेल.
पावलं आत गेली. सगळ्यांची.

ऊन तापलं. दगडांचा वास येतोय, चुलीतल्या दगडांचा. सरपण कुणी पेटवलं?

कर्र.

पाठीमागे. हात दिसतो. अंगठ्याचं नख लांब. कड धरलीय तिने— उचलतेय— देवा, उचलतेय—

नाही.

कड जमिनीला घट्ट दाबून ती दुसऱ्या कडेत विणतेय, मी आतच. उजवीकडून. उजेड कमी होत चाललाय, एकेक पात— तौसाला! डाव्या बाजूला अजून हाताएवढी फट आहे, ही वही तिथून बाहेर ढकल—