डाव्या खिशातला फ्यूज

३ जुलै २०२४, खामगाव

रुजू झालो एकदाचा! तंत्रनिकेतनातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक. खोली स्टेशनाजवळ मिळाली, खाली कचोरीची गाडी, म्हणजे सकाळच्या पोटाची सोय झाली. विभागप्रमुख मंजुश्री मॅडम कडक दिसतात, पण चहा स्वतः ओतून देतात. मदतनीस संजीवनीबाई धाड गावच्या. रोज अकराला बादली आणि ओलं फडकं घेऊन येतात आणि टेबलांसकट यंत्रंही पुसतात. मी म्हटलं, यंत्रं कोरड्या फडक्याने पुसा. हाव सर, म्हणाल्या आणि ओल्यानेच पुसली. हसू आलं.

मॅडमनी लगेच काम दिलं. कपाटावर एक जुना ऑसिलोस्कोप आहे, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा, वॉल्व्हच्या काळातला. गोल हिरवा पडदा, वजन वीस किलो तरी असेल. बुलढाण्याचं एक दुरुस्तीचं दुकान बंद झालं, तेव्हा मालकाने कॉलेजला दिला. पॉवर सप्लाय गेलाय, तो दुरुस्त करून मुलांना दाखवायचा. असला सेट मी यापूर्वी पाहिला नव्हता.

५ जुलै

सेट उघडला. ट्रान्सफॉर्मर चांगला, रेक्टिफायर वॉल्व्ह चांगला. संशय मोठ्या कपॅसिटरवर. हा पठ्ठ्या प्लग काढल्यावरही वीज धरून बसतो, म्हणून पेचकसाने शॉर्ट मारून आधी रिकामा करायचा. बाकी माझी जुनी शिस्त. सेट उघडला की फ्यूज काढून डाव्या खिशात टाकायचा आणि डावा हातही खिशातच ठेवायचा, फ्यूजवर. एकाच हाताने काम केलं की झटका छातीतून जात नाही, आणि फ्यूज आपल्या मुठीत असला की दुसरा कोणी सेट चालू करू शकत नाही.

संजीवनीबाई फडकं हातात धरून बघत राहिल्या. म्हणाल्या, आमचे हे बी असेच हात खिशात घालून काम करत. मी विषय बदलला.

जेवणानंतर कपॅसिटर मोजला. नऊ व्होल्ट. जुने कपॅसिटर रिकामे केल्यावरही थोडं परत उचलतात. त्यात विशेष काही नाही.

८ जुलै

शनिवारी शॉर्ट मारून गेलो होतो. प्लग टेबलावर, फ्यूज माझ्या खिशात. आज एकशेदहा व्होल्ट. मीटर बदलून पाहिला, तरी एकशेदहाच. पुन्हा रिकामा केला आणि दोन्ही टोकांना तांब्याची तार बांधून टाकली. आता कसा भरतो बघू.

१० जुलै

बाईंनी डबा खाताना सांगितलं. नवरा इंद्रभान बुलढाण्याच्या त्या दुकानात कारागीर होता. सात वर्षांपूर्वी सेटवर काम करतानाच गेला. मालक म्हणाले, त्याचाच हलगर्जीपणा. दुकानातल्या छोटूनेही तेच सांगितलं. सासू अजून ऐकवते की आपल्या हातानं मेला. मुलीला, छकुलीला, इथेच इलेक्ट्रिकलला यायचंय, पण घरचे फॉर्मवर सही करत नाहीत. बापाचंच रक्त, तीही चुकेल आणि मरेल, म्हणतात. शनिवारी शेवटची तारीख.

बाईंनी मला विचारलं, सर, येवढा हुशार मानूस असा काऊन चुकला असन?

मी म्हटलं, होतं असं कधीकधी. त्यांनीच दिलेली भाकर हातात होती. ती डब्यात परत ठेवली.

११ जुलै

तीन तारखेला खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीत खोटं! हा सेट मी ओळखतो. याच्यावरच तो गेला. छोटू मीच. फ्यूज खिशात ठेवायची शिस्तही त्यानेच शिकवलेली. बाईंनी मला कधी पाहिलं नव्हतं, मी मातीलाही गेलो नाही.

इंद्रभानने कपॅसिटर रिकामा केला, फ्यूज खिशात टाकला आणि चहाला गेला. मला मालकापुढे शायनिंग मारायची होती. एका जळक्या फ्यूजला सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवला आणि सेट चालू केला. काही झालं नाही. बंद करून चांदी लपवली. कपॅसिटर मात्र भरलेला राहिला.

तो परत आला. फ्यूज आपल्याच खिशात, मग भीती कसली? डावा हात काढून सेटच्या लोखंडी डब्यावर टेकवला, उजवा आत घातला. मी दोन हात अंतरावर उभा होतो. थांब, एवढंच म्हणायचं होतं. चोरून हात लावला हे कळेल याची लाज वाटली, म्हणून गप्प बसलो.

१२ जुलै

सांगायचंच, असं ठरवून गेलो. तांब्याची तार वितळून खाली पडलेली. तीनशे व्होल्ट. आणि फ्यूजच्या जागी — चांदी. गुंडाळलेली. माझ्याच हाताची घडी.

मी चहाला गेलो होतो तेव्हा, बाई म्हणाल्या, कोणीतरी पाठमोरं सेटपाशी होतं, डावा हात खिशात. तुमच्यावानीच बसेल व्हतं, मले वाटलं तुमीच.

त्यांच्या हातात फॉर्म होता. सही नसलेला. मी सांगितलं नाही. थू माझ्यावर.

१३ जुलै, पावणेअकरा

साडेचारशे. शॉर्ट मारायला गेलो तर पेचकसाचं टोकच उडालं. मीटरचा काटा खाली येत नाही.

ठरवलंय. कसंही करून हा रिकामा करतो, भंगारात घालतो. वही जाळतो. बदली मागतो. लिहितानाही लाज वाटते, पण सांगणार नाही. छकुली दुसरं काहीतरी शिकेल —

पण अकराला बाई येतील. ओलं फडकं. त्यांना काही व्हायला नको. दाराला कडी लावतो.

कडी लागत नाही.

उजव्या हाताने लिहितोय. डावा खिशात, फ्यूजवर. सवय —

फ्यूजवर आणखी बोटं आहेत. खिशात. थंड.

जिन्यात बादलीचा आवाज. बाई —

तो माझा हात बाहेर काढतोय. हळूच. शिकवल्यासारखा. डब्याकडे —

संजीवनीबाई, हे वाचा. छकुलीच्या आजीलाही वाचून दाखवा. इंद्रभान चुकला नव्हता. चूक मा