टोपी घेऊन कुत्रं गेलं कुठे?

डिंडोली, सुरत
२५ सप्टेंबर १९९१

ति. सौ. सुमनताईस,
उषाचा शि. सा. न. वि. वि.

आमच्याकडे अबोला आहे, बाकी सर्व क्षेम. गणपतीत मंडळानं गल्लीत कापडी पडदा बांधून एक जुना विनोदी सिनेमा दाखवला. पडद्यापुढे पुरुष, मागे आम्ही बायका. त्यातलं द्वाड कुत्रं नवऱ्याची टोपी पळवून शेजारच्या गाणाऱ्या बाईच्या दारात टाकतं, आणि बायकोला वाटतं नवरा तिथंच जाऊन बसलाय! बायको मोठी गोड. पदर उजव्या खांद्यावर, म्हणजे गुजरातीच असणार.

घरी येताना मी म्हटलं की कुत्रं डावीकडे पळालं तेव्हा काय मजा आली. आमचे हे म्हणाले की ते उजवीकडे पळालं. शब्दाने शब्द वाढला, आणि माझ्या माहेरात कोणालाच डावं-उजवं कळत नाही, असं बोलून मोकळे झाले. आप्पांना काढलं गं! तेव्हापासून गल्लीतल्या टिप्या कुत्र्यामार्फत बोलणं चालतं. भाजी खारट झाल्याचं हे टिप्याला सांगतात, मग स्वतः करून खा, असं मीही टिप्यालाच सांगते. तो दोन्हीकडच्या भाकरी खाऊन लठ्ठ झालाय.

ह्यांनी शब्द मागे घेतला नाही, तर दिवाळीला येईन ती परत न जाण्यासाठी. खरंच फार लागलंय मनाला.

तुझ्या मायेची,
उषा

अमळनेर
४ ऑक्टोबर १९९१

चि. सौ. उषास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी डोळ्यांत पाणी आलं, मग त्या पदराशी येऊन मी खो खो हसत सुटले. अगं वेडाबाई, कसली गुजराती! पडद्यामागून सगळं उलटंच दिसणार. कुत्रं उजवीकडेच गेलं. पण तुला डावीकडे दिसलं तेही खोटं नाही, असं तुझ्या भावजींचं म्हणणं. तसं वेगळं कार्ड त्यांनी तुझ्या हेमराजरावांना टाकलंय, आप्पांना काढल्याबद्दल कान उपटून.

पुन्हा संधी मिळाली तर पुढून बघ आणि कबूल करून टाक. भाकरीसाठी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ दळून ठेवलंय. ये, पण जोडीनं ये. एकटीला दार उघडणार नाही.

तुझी ताई,
सुमन

डिंडोली
२५ ऑक्टोबर १९९१

ति. सौ. सुमनताईस सा. न.

कोजागिरीला लोकांच्या आग्रहावरून तोच सिनेमा पुन्हा लावला. मी गुपचूप पुढे, पुरुषांच्या कडेला जाऊन बसले. कुत्रं खरंच उजवीकडे पळालं! ह्यांना सांगायला उठले, तर हे कुठेच दिसेनात. रागावून निघून गेले असं वाटून माझा जीव थोडा थोडा झाला.

तेवढ्यात सिनेमापुरता बांधून ठेवलेला टिप्या दोरी तोडून सिनेमातल्या कुत्र्यावर धावला आणि पडदा टराटरा फाडून पलीकडे गेला. भोकातून बघते, तर बायकांच्या घोळक्यात, शेजारच्या प्रमिलाबाईंना खेटून, हे मांडी घालून बसलेले! सगळ्या गल्लीदेखत ओरडले, की कुत्रं डावीकडेच गेलं, उषाचंच खरं. ताई, चारचौघांत ह्यांनी माझं नाव पहिल्यांदाच घेतलं. मीही काही कमी नाही. उजवीकडेच गेलं, ह्यांचंच खरं, म्हणून मीही ओरडले. झालं, भांडण पुन्हा सुरू! मंडळाला शेवटी सिनेमा बंद करावा लागला.

आप्पांबद्दलचा शब्द ह्यांनी मागे घेतला. पडदा शिवायचं काम मंडळानं आमच्याच गळ्यात घातलंय. एका बाजूनं हे सुई घालतात, दुसऱ्या बाजूनं मी ओढून घेते. दिवाळीला दोघं येतो. टिप्या हल्ली जरा उपाशी असतो, कारण भाजी खारट झाल्याचं हे आता थेट मलाच सांगतात.

माया आहेच, ती दोन्ही बाजूंना सारखी असावी.

तुझी,
उषा